सायकल तिची, पाना कुणाच्या हाती?

माझं माहेर वलगाव. अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेलं की पेढी नदी लागते, तेच हे गाव. 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी इथेच नदीकाठी देह ठेवला, म्हणून बाहेरची मंडळी गावाला ओळखतात. आम्हा लेकींना मात्र वलगाव म्हटलं की आधी काळी माती आठवते. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेणारा चिखल!

महालक्ष्म्यांच्या जेवणाला गेले होते. धाकटी बहीण जवळच्याच खेड्यात दिलेली आहे. तिच्या पडवीत एक सायकल उभी. गुलाबी रंग, मागे गिअर, पुढे शॉकअप आणि हँडलवर वाळत घातलेली ओली पोती. माझी भाची अकरावीला. रोज सायकलने वलगावला कॉलेजात यायची. बारा दिवस झाले, पोरगी घरीच.

"काय झालं वं?" मी विचारलं.

"काय होईन ताई? पांदणीत चाक जाम झालं. हिनं जोर केला तं मागचं ते गिअरचं लोंबतं ना, ते वाकलं. इथच्या मिस्त्रीजवळ त्याचं सामान नाई. ह्यायले टाइम भेटन तवा नेतीन अमरावतीले."

फवारणीचे दिवस. टाइम कुठून भेटणार? तेवढ्यात चुलीपासून तिच्या सासूबाई म्हणाल्या, "राहू दे आता. बारावीची परीक्षा बाहेरूनबी देता येते म्हंतात."

माझ्या पोटात धस्स झालं. मैत्रिणींनो, पोरीचं शिक्षण असंच सुटतं. "उद्यापासून जाऊ नको" असं कुणी म्हणत नाही. एक सायकल पडवीत उभी राहते, तिच्यावर पोती वाळत पडतात, आणि मग घरातल्या सगळ्यांना त्याची सवय होते.

सायकलीने काय फरक पडतो, हे मोजूनही झालेलं आहे. बिहार सरकारने 2006 साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. ही वाढ मुख्यतः शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांतली होती. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात निवडक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. 2022 मध्ये ती साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाली. म्हणजे सायकल घरात येते. पण ती दारात आल्यावर पाना, पंप आणि तेल कुणाच्या हातात द्यायचं, ते आपण ठरवायचं असतं. आणि आपण ते कधी मुलीच्या हातात देतच नाही!

चिखलातल्या शर्यती

संध्याकाळी भाचीने मोबाइलवर एक गंमत दाखवली. "मावशी, पाय, ह्या तं आपल्यासारख्याच!" कुठल्या तरी परदेशी शेतात बायका सायकलींची शर्यत करत होत्या. गुडघ्यापर्यंत चिखल. चढ आला की टुणकन उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची, पळत वर जायचं आणि पुन्हा उडी मारून बसायचं. या प्रकाराला सायक्लोक्रॉस म्हणतात. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये त्याचं भारी वेड. पुरुषांची जागतिक स्पर्धा 1950 पासून होते. बायकांना मात्र त्यासाठी 2000 सालापर्यंत थांबावं लागलं. पहिली स्पर्धा जर्मनीच्या हांका कुपफरनागेल हिने जिंकली.

मला शर्यतीपेक्षा त्या सायकलींचं नवल वाटलं. चिखलातच चालवायच्या म्हणून मुद्दाम बनवलेल्या! टायर रस्त्याच्या शर्यतीतल्यापेक्षा जरा रुंद, पण मोठ्या स्पर्धेत 33 मिलिमीटरच्या वर चालत नाही, तसा नियमच आहे. त्याला गट्टे असतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टायर आणि वरचा दांडा यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा, चिखल अडकू नये म्हणून. आणि तरीही चिखल भरतोच. म्हणून खेळाडूंकडे दोन-दोन सायकली असतात. एक माखली की ती मदतनिसाकडे द्यायची, धुतलेली दुसरी घ्यायची.

आपल्या पोरीकडे एकच सायकल, आणि मदतनीस म्हणजे फवारणीला गेलेले बाबा. तेव्हा त्या बायकांच्या सायकलीतलं आपल्याला परवडेल तेवढं उचलू या.

तशी सायकलच घ्यावी का? माझ्या मते आपल्यासारख्यांनी त्या भानगडीत पडू नये. हजारोंनी पैसे मोजायचे, आणि खाली वळलेलं हँडल, कॅरिअर नाही, स्टँड नाही, दप्तर कुठे ठेवणार? आणि गावातल्या मिस्त्रीने पूर्वी पाहिलेली नसते. मुलीचा स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी.

पण स्वस्तातली गिअर-शॉकअपवाली सायकल पाहूनही मुली भुलतात, त्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. दुकानात ती फार ऐटदार दिसते. शॉकअपने वजन वाढतं, आणि सपाट रस्त्यावर त्याचा उपयोग फारसा नाही. गिअरचा तो लोंबता भाग चाकाच्या बाजूला, जमिनीजवळ असतो. पांदणीतलं गवत आणि पऱ्हाटीची काडी नेमकी तिथेच अडकते. आपला वलगावचा मुलूख सपाट, घाट नाहीत. इथे बिनगिअरची साधी सायकल बरी. तिचं सामान गावात मिळतं, आणि बिघडली तर नेमकं काय बिघडलं ते डोळ्यांना दिसतं.

घेताना मुलीला सोबत न्या. "मोठीच घे, वाढत्या अंगाची आहे" हा हिशेब फ्रॉकला ठीक, सायकलीला नको. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची आणि ते पायडल खाली न्यायचं. पाय जवळजवळ सरळ झाला तर सीट बरोबर. आपण बायका दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट पार खाली करून घेतो आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकललाच नावं ठेवतो. शिकताना सीट खाली असू द्या, तोल सांभाळता आला की अर्ध्या-अर्ध्या इंचाने वर घ्या. सीटच्या नळीवर एक खूण असते, ती बाहेर दिसेल इतकी मात्र वर ओढायची नाही. नळी वाकते, कधी मोडतेही.

काळ्या मातीची खोड

काळी माती नुसती चिकटत नाही, थरावर थर चढवते. टायरला लागते, फिरत-फिरत मडगार्डात शिरते, तिथे दाबून बसते आणि चाक थांबतं. त्या वेळी जोर लावला की काहीतरी वाकतं. भाचीचं तेच झालं. चाक जड वाटलं की तिथल्या तिथे उतरायचं. कॅरिअरला एक बोटभर रुंद, चपटी लाकडी पट्टी बांधून ठेवायची. बहिणीने जुनी उलथनी दिली, तीही छान चालते! मडगार्डाच्या आतून आणि ब्रेकच्या जवळून माती खरवडून काढा. पांदण फारच माखली असेल तर सायकल ढकलूही नका, ढकलताना माती भरतच राहते. उचला आणि कडेच्या गवतावरून न्या. खांद्यावर सायकल घेतलेली ती परदेशी बाई आठवा आणि लाजू नका.

पावसाळ्याआधी मिस्त्रीकडून मडगार्डाच्या तारा सैल करून ते वर उचलून घ्या. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये आपली दोन बोटं सहज फिरली पाहिजेत. काही जणी पावसाळ्यात मडगार्ड काढूनच टाकतात. चाक अडकत नाही हे खरं, पण पाठीवर चिखलाची रेघ उठते आणि कॉलेजात पोरी हसतात. पुढचं मडगार्ड काढावं, मागचं उचलून ठेवावं, असा तह आम्ही केला.

घरी आल्यावर धुवायची ती बादली आणि फडक्याने. मोटरपंपाचा जोराचा पाइप चाकाच्या मधोमध किंवा पायडलच्या मुळाशी मारू नका. आत छर्रे असतात, त्यांचं ग्रीस पाण्याने निघून जातं आणि महिन्याभरात करकर सुरू होते. माती ओली असतानाच धुतलेली बरी. वाळली की ती दगड होते, हे काय वऱ्हाडातल्या बाईला सांगायचं!

पंक्चर: परात, पाणी आणि सराटा

भाचीला आणि मला मिस्त्रीकडे बसून शिकायला एक दुपार लागली. त्याला आधी हसू आलं, मग त्याने मनापासून शिकवलं.

हवा गेली म्हणजे पंक्चरच, असं समजू नका. आपल्या साध्या सायकलीच्या वॉलमध्ये रबराची एक बारीक नळी असते, वॉलट्यूब. उन्हाने ती कुजते आणि हवा हळूहळू जाते. हवा भरून वॉलच्या तोंडाला थुंकीचं बोट लावा. बुडबुडा आला तर ती नळी बदला. काही रुपयांची वस्तू, पण त्यासाठी सायकल आठ-आठ दिवस उभी राहिलेली मी पाहिली आहे.

तिथे बुडबुडा नाही, तर मग पंक्चर. चाक काढायची गरज नसते. एका बाजूचा टायर रिमवरून उचकटायचा, त्यासाठी टायर लिव्हर मिळतात. स्क्रू-ड्रायव्हर वापरू नका, ट्यूबला दुसरं भोक पडेल. ट्यूब बाहेर ओढून थोडी हवा भरा, परातीतल्या पाण्यात थोडी-थोडी बुडवत जा. बुडबुडे आले तिथे खूण करा. पुसून कोरडी करा, पॉलिश पेपरने घासा, सोल्युशन पातळ लावा. आणि थांबा. इथेच सगळ्यांची घाई होते. सोल्युशन ओलं असताना पॅच लावला तर तो सुटणारच. बोटाला चिकटेनासं झालं की पॅच ठेवून जोरात दाबायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम: टायरच्या आतून फडकं फिरवा. नुसता हात नको. सराटा नाहीतर बाभळीचा काटा अजून तिथेच बसलेला असतो. तो काढला नाही तर दहा पावलांवर तुम्ही पुन्हा परातीपाशी! शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर तो काट्याचा दोष नसतो. हवा कमी असताना दगडावर आदळून ट्यूब रिममध्ये चिमटली, असं समजा.

हवा किती भरायची, ते टायरच्या कडेला छापलेलं असतं. चिखलात किंचित कमी हवा बरी, टायर पकड धरतो. शर्यतवाल्या बायकाही तेच करतात. पण मागच्या टायरवर बसल्यावर तो चपटा दिसता कामा नये. आणि एप्रिल-मेच्या उन्हात टम्म भरलेली सायकल उन्हात उभी करू नका, सावली शोधा.

चेन, ब्रेक वगैरे

चेनला तेल हवं, पण गोडं तेल नको. ते चिकट होऊन धूळ धरतं. घरात शिलाई मशीन असेल तर तिचं तेल चालतं. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्याने चेन घासा, कोरडी होऊ द्या, मग प्रत्येक कडीवर एक-एक थेंब, आणि वरून फडक्याने पुसून घ्या. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा. चेन मधोमध बोटाने दाबली की अर्धा-पाऊण इंच हलावी. जास्त सैल असेल तर पडते. पडलीच तर मागच्या चक्रावर नीट बसवा, पुढच्या चक्राच्या वरच्या दोन-तीन दातांवर अडकवा, मागचं चाक उचला आणि पायडल हळूच पुढे फिरवा. बोटं दूर ठेवा.

ब्रेकचे रबर झिजून त्यावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की बदलायचे. रिम ओली असताना ब्रेक उशिरा लागतात, म्हणून पावसात लवकर दाबा आणि दोन्ही सोबत दाबा.

ओढणी

कपड्यांबद्दल एकच गोष्ट जीव तोडून सांगते. मागच्या चाकात किंवा चेनमध्ये ओढणी जाणं हा किरकोळ अपघात नाही. गळ्याला फास बसतो, मुलगी रस्त्यावर आपटते आणि मागून ट्रक येत असतो. ओढणी दोन्ही खांद्यांवरून मागे सोडायची नाही. आडवी घेऊन कमरेला गाठ मारा, नाहीतर दप्तरात ठेवा आणि कॉलेजात जाऊन घ्या. साडीवाल्यांनी पदर कमरेला घट्ट खोचावा. चेन कव्हर पूर्ण असलेलीच सायकल घ्या, आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवून घ्या. या जाळीला "म्हातारीची सायकल" म्हणून नाकं मुरडतात, मुरडू देत.

हेल्मेट सायकलीचं वेगळं, हलकं मिळतं. ते भुवयांच्या वर दोन बोटं बसावं. मागे सरकलेलं हेल्मेट कपाळ वाचवत नाही. वर अंबाडा असेल तर ते बसणारच नाही, वेणी खाली घाला. उन्हाचा स्कार्फ आतून बांधायचा तर पातळ सुती, आणि हनुवटीचा पट्टा त्यानंतर आवळायचा.

अमरावती-परतवाडा रस्त्यावर ट्रक भरधाव जातात. डिसेंबरात पावणेसहालाच सूर्य बुडतो. क्लास सुटून निघालेली पोरगी अंधारात सापडते, आणि काळ्या रस्त्यावर गडद ड्रेसमधली सायकल ड्रायव्हरला जवळ आल्याशिवाय दिसत नाही. मागे लाल रिफ्लेक्टर हवाच, मडगार्डाला आणि पायडलला चमकणारी टेप लावा. पुढे सेलचा दिवा, मागे लुकलुकणारा लाल दिवा. घेताना दोन लिपस्टिकचे पैसे जातील, जाऊ देत.

तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 नंतरच्या काही वर्षांत साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. लाखाच्या घरात बायका शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या, तेव्हा त्यांनी बिनदिक्कत जेंट्स सायकली घेतल्या. पुढे काहींना त्याच आवडल्या, कारण सीटपासून हँडलपर्यंतच्या दांड्यावर लेकरू बसवता येतं! पाणी आणायला, शेतात, बाजारात त्या सायकलने जाऊ लागल्या. त्यांच्यासाठी कुणी वेगळी सायकल बनवलेली नव्हती. जी मिळाली ती त्यांनी आपल्या कामाला लावली.

आमच्या भाचीचं सांगायचं राहिलंच. मी निघायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीने तिचं गिअरचं प्रकरण पार काढून टाकलं, चेन आखूड केली आणि एकाच चक्रावर बसवली. ऐट कमी झाली, सायकल चालू झाली. तेराव्या दिवशी ती कॉलेजात गेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण डबा त्यांनीच भरून दिला.

सामानाची पिशवी आम्ही जुन्या जीन्सच्या खिशाची शिवली. आत पाना, दोन टायर लिव्हर, पॅच, सोल्युशन, पॉलिश पेपरचा तुकडा, वॉलट्यूब आणि हात पुसायला चिंधी. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की लवकर वाळते, म्हणून ती दर पावसाळ्याआधी नवी आणायची. मोठा पंप घरी ठेवायचा, पिशवीत मावत नाही.

आणि त्या पंपावर तैलरंगाने नाव घालून ठेवा. बहिणीचा पंप सध्या गल्लीतल्या चौथ्या घरी आहे. परवा तिला हवा भरायला भाचीला आधी पंप शोधत फिरावं लागलं.